साडीतली परेड

उस्तादबाईंचं नाव मी लिहिणार नाहीये. घाबरून नाही, हुकूमच आहे तसा. "वर्दीत नाव छातीवर असते, तोंडानं घ्याची गरज नाई," असं त्या म्हणायच्या. कवायत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आमच्या मोताळ्याच्या महिला होमगार्ड पथकाला शिकवणारी बाई होती, म्हणून उस्तादबाई. चेहरा हवा असेल तर सांगते: उंची जेमतेम पाच फूट, आवाज एसटीच्या हॉर्नसारखा, आणि खाकी टोपीच्या आत टोचलेली सुई. हो, सुई! खाकी दोरा ओवलेली! कारण सहा दिवस त्या बसस्टँडजवळ पिको-फॉलचं दुकान चालवायच्या आणि सातव्या दिवशी आम्हाला चालवायच्या.

मला खूप काही सांगायचंय आणि सगळं एकदम आठवतंय, त्यामुळे मुद्द्याचं आधी सांगून ठेवते. गेल्या हिवाळ्यात आमच्या पथकाची तपासणी होती. मैदानावर वर्दीतल्या वीस बायका मोजून भरल्या तर पथक मोताळ्यात राहणार, नाही भरल्या तर बंद, आणि आमची नावं बुलढाण्याच्या पथकात. आता दर रविवारी सकाळी सातला बुलढाण्याला कवायतीला आम्हाला कोण पाठवणार होतं? माझ्या घरी मोताळ्याच्या मैदानावर जायला अर्धा तास वाद व्हायचा. नावं बुलढाण्याला जाणार होती, आम्ही घरीच राहणार होतो.

तर वीस. हा आकडा लक्षात ठेवा.

ज्यांना होमगार्ड माहीत नाही त्यांच्यासाठी: पगार नाही, नोकरी नाही, आपणहून यायचं. गणपती, निवडणूक, यात्रा असली की पोलिसांच्या जोडीला उभं राहायचं. पण हे काम वाढलं ते लढायांच्या काळात. सैनिक सीमेवर गेले की मागे गावात दिवे झाकायला, आग विझवायला, जखमी उचलायला गावातलीच माणसं लागतात ना, ती ही. उस्तादबाई हे इतक्या गंभीरपणे सांगायच्या की आमच्यातली शबाना, जिला गप्प बसता येत नाही, ती एकदा म्हणाली, "बाई, मोताळ्यावर बॉम्ब टाकून कोनाले काय भेटन? कापूस?"

"नाई टाकत कोनी," उस्तादबाई म्हणाल्या. "पन टाकला तं तू कुठं उभी राहाशीन हे ठरलेलं पाह्यजे. आता रांगेत तं नीट उभी राह्य."

त्यांच्या दुकानाच्या खिडकीला चार काचा आहेत. तीन साध्या, चौथीवर काळा कागद चिकटवलेला. कागदाचा रंग उडून करडा झालाय, कोपरे कुरतडल्यासारखे. गिऱ्हाइकं म्हणायची, बाई हा कागद काढा, उजेड येईल, सुईत दोरा तरी दिसेल. त्या म्हणायच्या, "लडाईतला हाये तो." कुठल्या लढाईतला? "सांगीन कधी." आणि मशीन चालू. मशीनच्या आवाजात पुढचं विचारताच यायचं नाही.

आणखी एक. घरातून निघताना डावा पाय पहिला. दुकानात शिरताना डावा. बाजारात मेथीची जुडी घेऊन वळायचं तरी त्या आधी थांबायच्या, मग पिछे मूड! भाजीवाल्याला वाटायचं बाईला भाव पटला नाही, तो मागून ओरडायचा, "दोन कमी देजा, बाई!" त्या आपल्या निघून गेलेल्या.

आणि कपडे मापायची नजर! आम्हाला वर्दीचं कापड मिळायचं किंवा कुणाची जुनी वर्दी मिळायची, ती नेहमी गड्याच्या मापाची. उस्तादबाई लांबूनच बघून म्हणायच्या, "कंबर बत्तीस. तीस सांगू नको, मले दिसून राह्यलं." यात्रेच्या बंदोबस्ताला गेलो की लेकरं घेऊन आलेल्या बायकांना गेटवर थांबवून त्या आईच्या आणि लेकराच्या मनगटाला एकाच रंगाचा दोरा बांधायच्या. हिरवा-हिरवा, लाल-लाल. पोरगं हरवलं की दोऱ्याचा रंग लाऊडस्पीकरवरून सांगायचा. हे कुठल्याच नियमात नव्हतं. पण पिको-फॉलच्या दुकानात रिळं भरपूर होती.

आता रजिस्टर. हे महत्त्वाचं आहे.

हजेरीच्या सरकारी रजिस्टरला लागून त्यांनी स्वतःची एक वही ठेवलेली. नाव, गाव, बुटाचा नंबर, आणि शेवटचा रकाना, पट्टीनं आखलेला: 'काऊन आली?' म्हणजे का आलीस. नवीन बाई आली की पहिल्याच दिवशी हा प्रश्न. उत्तर पेन्सिलीनं लिहायचं. ते खरं आहे असं उस्तादबाईंना वाटलं की पेनानं गिरवायचं. काहींचं वर्षानुवर्षं पेन्सिलीतच पडून राहायचं.

माझा पहिला दिवस! मी बारावी झालेली, ग्राउंडची तयारी करणारी, घरून निघताना उत्तर पाठ करून आलेली.

"काऊन आली?"

"देशसेवा करायची आहे, मॅडम!"

त्यांनी लिहिलंच नाही. पेन्सिल कानामागे खोचली. "देशसेवावाल्या मांगच्या रांगेत जाऊन उभ्या राहा," म्हणाल्या. मागच्या रांगेत आधीच सहा जणी होत्या.

पुढच्या आठवड्यात मी खरं बोलले, म्हणजे मला वाटलं खरं बोलले: पोलीस भरतीत याचा फायदा होतो म्हणून. ते त्यांनी लिहिलं. पेन्सिलीनं. मी विचारलं, "बाई, हे तर खरं आहे, पेननं का नाही?" तर म्हणाल्या, "भरती झाली नाई तं येनं बंद करशीन काय?" मी विचारात पडले. "पाह्य," म्हणाल्या, "म्हनजे हे नाई."

शबानाचं होतं, 'भावाला जमलं नाही ते करून दाखवायला'. तेही पेन्सिलीत. एका काकूंचं होतं 'गुडघे दुखतात, कवायतीनं बरं वाटतं'. ते पेनात! मी भांडलेच, की हे काय कारण आहे? तर म्हणाल्या, "खरं हाये ना? तुह्यं देशाचं, तिचं गुडघ्याचं. गुडघा खोटं नाई बोलत."

आणि ज्योती. ज्योती मोताळ्यापासून सात-आठ किलोमीटरवरच्या गावातली सून. घरची शेती, सासू, नवरा. बारीक अंगाची, बोलायची इतकी हळू की हजेरीला 'हजर' म्हटलं की शेजारणीला ऐकू यायचं नाही. तिला पहिल्या दिवशी विचारलं, काऊन आली? ती म्हणाली, "घरी मले सगळे 'ए' म्हनतात. इथं नाव घेऊन हजेरी होते."

उस्तादबाईंनी पेन्सिल उचललीच नाही. सरळ पेन. आमच्या पथकात पहिल्याच दिवशी पेनानं लिहिलेली ती एकटी.

हां, आणि साडीतली परेड! महिन्याच्या शेवटच्या रविवारी वर्दी घालायची नाही, घरच्या कपड्यात यायचं. साडी तर साडी, गाऊन तर गाऊन, शबाना एकदा हळद लागलेल्या ओढणीचा पंजाबी ड्रेस घालून आली. कमरेवर पाण्यानं भरलेली कळशी. आणि एक-दो-एक! तेज चल! थम! मैदानाच्या कडेला क्रिकेट खेळणारी पोरं बॅट टाकून लोळायची हसून हसून. मीही पहिल्यांदा लाजेनं मेले. कळशीतलं पाणी साडीवर, साडी पायात, पाय दुसरीच्या पायावर.

"बाई, हे काऊन?" मी कळवळून विचारलं.

"शेजारी आग लागली तं काय म्हनशीन? थांब जरा, मी पँट घालून येतो? आग थांबन काय? आगीले तू गाऊनमधीच भेटशीन. तं गाऊनमधी बी तुले सावधान जमलं पाह्यजे."

मग काय? उचलली कळशी.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात आम्ही मोजलं. मी, शबाना, काकू, सगळ्या. एकवीस. मग लक्षात आलं की ज्योती तीन रविवार आलेली नाही, फोन बंद. ठीक आहे, ती नाही आली तरी वीस. भरले! मी खूश. तपासणीच्या दिवशी सकाळी सात वाजता मैदानावर पोचले, थंडी मरणाची, तोंडातून वाफा, तर उस्तादबाई पूर्ण वर्दीत माझ्या स्कूटीच्या मागच्या सीटवर येऊन बसल्या. "चाल. ज्योतीच्या गावाले."

"आता? साहेब दहाला येणार! आणि आपण वीस आहोत की, बाई."

"मले धरून?"

"हो, तुम्हाला धरून."

"मले धरू नको."

मला काही कळेना. त्यांनी टोपी काढली, आतल्या पट्टीतून चौकोनी घडी केलेला कागद काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. वय पूर्ण झाल्याचा कागद. या महिन्याच्या एक तारखेपासून त्यांचं नाव पथकात नव्हतं. त्या गेले दोन रविवार आम्हाला शिकवत होत्या ते आपल्या आपणच.

"सांगितलं का नाही?"

"सांगून काय, तुमी रडल्या असत्या. रडनाऱ्या बाईची टोपी वाकडी होते. चाल आता, एकोनीस हाये आपन."

मी स्कूटी अशी पळवली की बस. डोळ्यांत पाणी थंडीनं आलं असं समजा. आणि त्या रस्त्यावर, माझ्या कानाशी ओरडत, कारण वारा होता, त्यांनी त्या काळ्या काचेचं सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

"एकाहत्तरच्या लडाईत मी पाच वर्साची होती. मलकापूरले राहो आमी, रेल्वेच्या अंगाले. अंधार पडला की दिवे झाकाचे, खिडकीले कागद चिकटवाचा असा हुकूम. माह्या दुकानातला कागद तवाचाच, मायनं जपून ठेवलेला. थे पाहाले घरोघर जानारी मानसं पाह्यजेत होती. बाया मांगतल्या तं एक येईना. माही माय गेली. दुसऱ्याच्या वावरात निंदाले जानारी बाई! वर्दी-बिर्दी काही नाई, दंडाले एक पट्टी बांधून देली, बस."

"मग?"

"मंग काय! ज्या घराच्या मांगच्या दारी उभी राहून माय वरून टाकलेली भाकर पदरात झेले, त्याच घराच्या पुढच्या दारावर तिनं काठी वाजवली. 'दिवा झाका!' मी तिच्या बोटाले धरून. मले वाटलं आता मारतात आपल्याले. पन पोरी, घरधनी सोता उठला आन झाकला ना दिवा! एक शब्द नाई बोलला."

मी आरशात बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"लडाई संपली, पट्टी वापस गेली. माय पुन्हा मांगच्या दारी. पन भाकर वरून टाकली तं तिनं पदर नाई पसरला. हातात द्या, म्हने." मग माझा खांदा दाबून, "उजवीकून घे, गड्डा हाये."

गावाच्या अलीकडे रस्त्याला लागूनच ज्योतीच्या घरचं वावर आहे. हरभरा गुडघ्याएवढा. आणि मधोमध, मी शपथेवर सांगते, ज्योती उभी होती. वर्दीत. हात पसरून.

मी ब्रेक दाबला. ज्योती नव्हती. बुजगावणं होतं! खाकी शर्ट, खाकी पँट, बेल्टसकट, डोक्याच्या जागी मडकं आणि मडक्यावर आमची टोपी. रोही येतात ना आमच्याकडे, नीलगाय, एका रात्रीत हरभरा सपाट करतात, त्यांच्यासाठी उभं केलेलं.

मला वाटलं आता उस्तादबाई गाव पेटवणार. त्या उतरल्या. हरभऱ्याच्या सरीतून, डावा पाय पहिला, बुजगावण्यासमोर जाऊन थांबल्या. वरपासून खालपर्यंत बघितलं, तपासणीला बघतात तसं.

"टोपी बराबर लावली हाये," म्हणाल्या. "डाव्या डोयाच्या वर दोन बोटं. शबानाले अजून जमत नाई."

मग मागे जाऊन बघितलं. बांबू घालायला शर्ट पाठीवर मानेपासून खालपर्यंत फाडलेला. पँट दवानं कुजलेली, गुडघ्याला भोक. हे आता कुणाला घालता येणार नव्हतं. खिशावर ज्योतीच्या नावाची पाटी तशीच होती. ती तेवढी त्यांनी काढली, पदराला पुसावी तशी बाहीला पुसली, मुठीत धरली. मी शर्ट सोडवायला लागले तर हातावर चापट. "राहू दे. ड्युटीवर हाये थो."

ज्योतीची सासू अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. ज्योती आत चुलीपाशी. आम्हाला बघून ती दारात आली आणि तिथेच खिळली, हिरवी पोपटी साडी, डोक्यावर पदर.

"या बाई," सासू म्हणाली, शेंगांवरून नजर न काढता. "काऊन तकलीफ घेतली? वर्दी मीच लावली वावरात. खोटं काहाले बोलू. सून पँट घालून निंघते, गाव पाह्यते. लोकं मले इचारतात, काय करते म्हनून. काय सांगू? शिट्टी वाजवते म्हनून सांगू?"

मी तोंड उघडणार होते. उस्तादबाईंनी माझ्या बुटावर बूट ठेवला.

"रोही येतात काय वावरात?" त्यांनी विचारलं.

सासूचा चेहराच बदलला! शेंगा बाजूला! "नाई ना, बाई! पंधरा-वीस दिस झाले, एक नाई. पहिले जुनी साडी लावून पाह्यली, खाऊन गेले. मालकाचं धोतर लावून पाह्यलं, धोतर बी चावलं मेल्याहिनं. खाकी लावली आन पायच नाई ठेवला!"

"हाव ना?" उस्तादबाई खाली बसल्या, शेंगांची एक मूठ स्वतःकडे ओढून सोलायला लागल्या. "रिकामी वर्दी उभी केली तं रोही थांबले. आत मानूस असलं तं काय काय थांबन, इचार करा."

सासूनं शेंगा पुन्हा पुढ्यात ओढल्या. एक शेंग सोलली. दुसरी सोलली. कोंबडी येऊन दाणा उचलून गेली.

"आज वीस बाया नाई भरल्या तं पथक बंद होते," उस्तादबाई म्हणाल्या. "पँट घालून न्या असं म्हनत नाई मी. हाये तशी पाठवा. साडीत."

"साडीत काय करन थे तिथं?"

"ज्योती," त्या वळल्यादेखील नाहीत, "दाखव."

आणि ज्योतीनं, त्याच पोपटी साडीत, पदर कमरेला खोचला. सावधान! कोंबड्या उडाल्या. दाहिने मूड! बाएं मूड! पिछे मूड, अंगणातल्या अंगणात, एक पाऊल इकडंतिकडं नाही, निरी पायात नाही. मग सासूकडे तोंड करून कडक सलाम. शेवटच्या रविवारच्या सगळ्या कळश्या त्या क्षणी वसूल!

सासू बघत राहिली. हात तिच्याच गालाला. "अवं माय," एवढंच म्हणाली. मग पुन्हा शेंगांकडे बघून, "दुपारच्या सैपाकाले पाह्यजे."

"येते दुपारपर्यंत. पन वापस कशी येईन, साडीत का वर्दीत, थे तिची मर्जी. तसा शब्द नाई देत मी," उस्तादबाई म्हणाल्या आणि उठल्या. मला वाटलं झालं, मोडलं सगळं, इतकं खरं कशाला बोलायचं! पण सासूनं हातानंच 'जा' म्हटलं.

एका स्कूटीवर तिघी. नऊ वाजले होते. मी मधेच किंचाळले, "पण वर्दी? साडीत धरणार नाहीत! जादाची कुणाकडे नाहीये, सगळ्यांकडे एकेकच आहे! बाई, शिवता नाही का येणार?"

"एका तासात वर्दी? शिंपीन मी हाये का तू?" मागून आवाज आला. "गाडी चालव."

मैदानाला लागून शाळा आहे, रविवारी एक खोली आम्हाला देतात. उस्तादबाई ज्योतीला घेऊन आत गेल्या, दार लावलं. दहा मिनिटांनी दार उघडलं तर आतून वर्दीतली ज्योती बाहेर आली. उस्तादबाईंच्या वर्दीत. पँट आखूड, घोट्याच्या वर, म्हणून खालची टीप उसवून मोकळी सोडलेली. शर्ट दोन्ही कुशीत सैल. आणि तिच्या मागून उस्तादबाई, ज्योतीच्या पोपटी हिरव्या साडीत!

मी त्यांना इतक्या वर्षांत कधी रंगीत कपड्यात पाहिलं नव्हतं. रविवार सोडला तर फिकट निळी किंवा पांढरी साडी. हिरव्या रंगात त्या कुणाची तरी नव्या लग्नाची बहीण दिसत होत्या. शबाना सुद्धा गप्प.

"पाहून काय राह्यल्या? तेज चल!" त्यांनी टोपीतून सुई काढली आणि तिथेच उभ्या-उभ्या, अंगावरच्या अंगावर, शर्टाच्या कुशी आत घेतल्या. टाका, टाका, टाका. "श्वास आत. हालू नको. टोचलं तं ओरडाचं नाई." मग स्वतःच्या नावाची पाटी त्या शर्टावरून काढली. मुठीतली ज्योतीची पाटी लावली. दोन पावलं मागे सरून पाहिलं. टोपी तिच्या डोक्यावर, डाव्या डोळ्याच्या वर दोन बोटं. स्वतःची पाटी पदराच्या गाठीत.

"बाई, तुमी?" ज्योती म्हणाली.

"मी काय? मी आता पब्लिक."

साहेब दहाला पाच कमी असताना आले. आम्ही दोन रांगांत, दहा आणि दहा. काठी काखेत धरून त्यांनी एकेकीसमोर थांबत मोजलं, मी मनात त्यांच्याबरोबर मोजत होते, अठरा, एकोणीस, ज्योतीपाशी आले, पँटच्या उसवलेल्या काठाकडे बघितलं, मग नावाच्या पाटीकडे, मग यादीकडे. नाव जुळलं. "वीस," म्हणाले. मी श्वास सोडला तो शबानाला मागे ऐकू गेला.

मग त्यांची नजर कुंपणाकडे गेली. तारेच्या पलीकडे हिरवी साडी सावधानमध्ये उभी. हात बाजूला, मुठी बंद, हनुवटी वर.

"त्या कोण?"

"पब्लिक हाये, साहेब," तारेपलीकडून आवाज आला. "पाहाले आली."

साहेब मिशीत हसले असं शबाना म्हणते, मला दिसलं नाही, कारण ते माझ्याचसमोर आले होते आणि विचारत होते, "तुम्ही या दलात का आलात?"

घ्या! माझं पाठ केलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. देशसेवा. पण कुंपणापलीकडे हिरवी साडी होती आणि मला माहीत होतं ती ऐकतेय. मी म्हणाले, "सर, रिकामी वर्दी उभी केली तर रोही थांबतात. आत माणूस असलं तर काय काय थांबेल, ते बघायला आले."

"रोही?"

"नीलगाय, सर."

साहेबांनी मान हलवली आणि पुढे गेले. कागदावर त्यांनी वीस लिहिलं आणि सही केली. पथक राहिलं! राहिलं! आम्ही विश्राम मिळेपर्यंत हललो नाही, पण विश्राम मिळाल्यावर जे काही ओरडलो ते बसस्टँडपर्यंत गेलं असणार.

उस्तादबाई आत आल्या आणि पहिलं वाक्य मला, "थे वाक्य माहं हाये. चोरी केली तू."

"बाई, सुचलंच नाही दुसरं."

"तुह्यं सांग. आता तरी."

त्यांनी वही काढली, तीच. पेन्सिलीतलं 'पोलीस भरती' समोर. सगळ्या बघत होत्या आणि मला अचानक लाज वाटली, कारण खरं कारण इतकं लहान होतं. "बूट," मी म्हणाले. "बुटांचा आवाज. चपलेत असले की मी रस्त्याच्या कडेनं चालते, बाई. बुटात असले की मधून."

त्यांनी पेन काढलं. 'पोलीस भरती' खोडरबरानं पुसलं, फुंकर मारली आणि लिहिलं: बूट. मग वही मिटून माझ्या हातात दिली, कायमची. आणि ज्योतीकडे वळल्या, "बदलू काय कपडे? सैपाकाचा टाइम झाला तुहा."

ज्योतीनं स्वतःच्या छातीवरच्या पाटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, आणि हे सगळ्यांना ऐकू गेलं, शेवटच्या काकूंपर्यंत: "नको, बाई. साडी तुमाले चांगली दिसते."

ती वर्दीतच घरी गेली. सासू आठ दिवस तिच्याशी बोलली नाही म्हणे. नवव्या दिवशी शेजारणीला सांगताना ज्योतीनं ऐकलं, "आमची ज्योती रोहीले बी भारी हाये."

घरी जाऊन मी वही उघडली. पहिलंच नाव उस्तादबाईंचं. शेवटच्या रकान्यात कागद इतक्यांदा खोडून पुसलाय की पातळ झालाय, उजेडाला धरला तर पलीकडचं दिसतं. जुने शब्द पुसट वाचता येतात. शिवणाचं काम मिळेल म्हणून. त्याखाली, घरात बसवत नाही म्हणून. त्याखाली नुसतं 'माय', तेही पुसलेलं. आणि आता तिथे काहीच नाही. मी पुढच्या रविवारी विचारलं, बाई, 'माय' का पुसलं, ते तर खरं होतं? तर म्हणाल्या, "थे मायचं कारन होतं. माहं थोडीच. माहं सापडलं की सांगीन, जागा ठेव."

हो, त्या अजून येतात. दर रविवारी, सात वाजता, तारेच्या पलीकडे. पब्लिक म्हणून. कमरेवर भरलेली कळशी, आणि आमच्याबरोबर एक-दो-एक, साडीत. क्रिकेटची पोरं आता हसत नाहीत, त्यांच्यातली दोघं तर मागे उभी राहून पाय मिळवतात.

परवा नवी मुलगी आली. अठरा पूर्ण झालेली, नव्या बुटांची, उत्तर पाठ करून आलेली. मी वही उघडली, आवाज जमेल तेवढा एसटीसारखा केला आणि विचारलं, "काऊन आली?"

"देशसेवा करायची आहे, मॅडम!"

मी पेन उचललं. खरंच उचललं, कारण ती इतकी गोड दिसत होती आणि वही घेऊन विचारायचा माझा पहिलाच दिवस होता. तोच तारेपलीकडून आवाज आला, कळशीतलं पाणी हिंदकळल्याचाही आला:

"ठेव थो पेन! मांगच्या रांगेत पाठव तिले!"